एनएमसी ८११ भाजताना थरांचे काय होते, आणि ८५० अंश का नको

एनएमसी ८११ हे लिथियम बॅटरीच्या धन इलेक्ट्रोडचे द्रव्य. त्याबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा आहे. निकेल-मँगनीज-कोबाल्ट ८:१:१ प्रमाणातला हायड्रॉक्साइड प्रिकर्सर, म्हणजे भाजण्याआधीचा कच्चा माल, १०० ग्रॅम घेतला. त्यात लिथियम हायड्रॉक्साइड मोनोहायड्रेट १.०५ मोल-प्रमाणात मिसळले. मफल भट्टीत, साध्या हवेत, मिनिटाला ५ अंशांनी ७८० अंश सेल्सिअसपर्यंत नेले आणि १२ तास ठेवले. पावडर काळीभोर आली, एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात) परकी शिखरेही ठळक नाहीत. तरी हाफ सेलमध्ये (लिथियम धातूसमोर लावलेल्या चाचणीच्या सेलमध्ये) ग्रॅममागे १६५ मिलिअँपिअर-तासांच्या पुढे डिस्चार्ज मिळत नाही आणि स्लरी, म्हणजे इलेक्ट्रोडच्या पत्र्यावर लावायची लापशी, तासाभरात जेलीसारखी होते. तापमान ८५० करावे की वेळ २० तास करावी?

दोन्ही नको. ८५० ला हाच माल आणखी बिघडेल आणि २० तासांत फक्त वीज जळेल. इथे कमी पडतो आहे तो ऑक्सिजन. त्याच्या जोडीला लिथियम थोडे जास्त पडले आहे आणि चढाचा वेग अंमळ घाईचा आहे.

भट्टीतल्या हवेचा हिशेब आधी करून टाकू, कारण बहुतेक जण तो करतच नाहीत. प्रिकर्सरमधले धातू +२ अवस्थेत असतात. तयार ८११ मध्ये त्यांची सरासरी +३ लागते. म्हणजे एक मोल मालाला पाव मोल ऑक्सिजन बाहेरून मिळायला हवा. १०० ग्रॅम प्रिकर्सर म्हणजे सुमारे १.०८ मोल, त्याला ०.२७ मोल ऑक्सिजन लागतो. खोलीच्या तापमानाला तो साडेसहा लिटर भरतो. ५ लिटरच्या मफल भट्टीत सगळी हवा धरली तरी ऑक्सिजन जेमतेम एक लिटर असतो. तापताना हवा फुगून फटींतून निघून जाते, त्यामुळे ७८० ला आत उरतो तो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. भरीला हाच माल जवळपास ४९ ग्रॅम पाणी वाफ करून सोडतो. ५०० अंशांच्या हिशेबाने ती वाफ १७० लिटर होते. म्हणजे ज्या तासांत मालाला ऑक्सिजन सर्वांत जास्त हवा असतो, त्याच तासांत त्याच्याभोवती मुख्यतः पाण्याची वाफ असते. दाराच्या फटीतून जे काही आत झिरपते त्यावर वरचा थर कसाबसा तयार होतो, तळचा उपाशी राहतो.

आता थरांकडे. या पदार्थांत ऑक्सिजनच्या थरांमध्ये एक थर लिथियमचा, एक थर धातूचा, पुन्हा लिथियमचा, अशी मांडणी असते. लिथियम आपल्या थरातून सपाट सरकत बाहेर पडते आणि परत येते. सगळी क्षमता या एका गोष्टीवर उभी आहे. भट्टीतून येणारा माल चांगला की वाईट हे ठरते ते या दोन थरांतले अणू किती नीट वेगळे झाले यावर.

तापमान चढत जाते तसे टप्पे असे पडतात. १२० अंशांच्या आत मोनोहायड्रेटचे पाणी जाते. २०० ते ३५० च्या दरम्यान प्रिकर्सरचा हायड्रॉक्साइड फुटून ऑक्साइड होतो. गोळ्याचा बाहेरचा आकार तसाच राहतो, पण आत बारीक छिद्रे पडतात. ४७० च्या आसपास लिथियम हायड्रॉक्साइड वितळते आणि टिपकागदाने शाई शोषावी तसे त्या छिद्रांत शिरते. हा टप्पा मोलाचा आहे. इथे मुक्काम दिला नाही तर वितळलेले लिथियम शोषले जाण्याआधीच ओघळून खाली बसते आणि तळाला लिथियम जास्त, वर कमी अशी विभागणी होते. मिनिटाला ५ अंशांनी सरळ ७८० गाठले की हेच घडते. शिवाय वाफ एकदम सुटल्याने बारीक पावडर मुशीबाहेर उडते आणि वजनाचा हिशेब चुकतो.

४५० ते ६५० मध्ये लिथियम ऑक्साइडच्या जाळीत शिरते. सुरुवातीला लिथियम आणि निकेल एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणजे मिठासारखी घनाकार रचना असते. निकेलचे +३ होत जाईल तसतसे ते आपल्या थरात आणि लिथियम आपल्या थरात जाऊन बसते. निकेल +२ चा आयन ०.६९ अँगस्ट्रॉमचा, लिथियमचा ०.७६ चा. आकार इतके जवळचे की निकेल +२ लिथियमच्या जागी सहज खपून जातो. निकेल +३ चा आयन ०.५६ चा असल्याने त्याला ती जागा मानवत नाही. म्हणून थर वेगळे होणे आणि निकेलचे ऑक्सिडेशन होणे ही एकाच घटनेची दोन नावे समजायला हरकत नाही. ऑक्सिजन न देता नुसती उष्णता दिली तर थर लागत नाहीत. लिथियमच्या थरात अडकलेला प्रत्येक निकेल अणू वाटेत खुंटा मारल्यासारखा बसतो. आजूबाजूच्या लिथियमची वाट अडवतो आणि पहिल्याच चक्रात क्षमता खातो.

७०० च्या पुढे रचना बहुतेक लागलेली असते. तिथून कण वाढतात, स्फटिकातले दोष कमी होतात, लिथियम थोडे थोडे उडू लागते. आणि रसायनानुसार एका ठरावीक तापमानानंतर गाडी उलटी फिरते: निकेल +३ पुन्हा +२ होतो, ऑक्सिजन सुटतो, त्याच्याबरोबर लिथियम बाहेर पडते. हे परतीचे तापमान निकेलच्या प्रमाणावर आणि भोवतालच्या ऑक्सिजनच्या दाबावर ठरते. हवेत ते खाली सरकते, शुद्ध ऑक्सिजनमध्ये वर. हवेत ८५० ला ८११ भाजणे म्हणजे ज्या प्रतिक्रियेने माल बिघडतो तिलाच खतपाणी घालणे.

याच कारणाने प्रत्येक रसायनाची भाजण्याची खिडकी वेगळी असते. लिथियम कोबाल्ट ऑक्साइड ९०० ते १००० ला हवेत निवांत भाजता येते. कोबाल्ट +३ लहान आणि स्थिर असतो, थरांची अदलाबदल जवळपास होतच नाही. तिन्ही धातू सारख्या प्रमाणात असलेल्या १११ ला ९०० ते ९५०, हवा पुरते. ६२२ ला (प्रमाण ६:२:२) साधारण ८३० ते ८७०. ऑक्सिजन दिला तर उत्तम. ८११ ला ७४० ते ७९० आणि ऑक्सिजन हवाच. निकेल-कोबाल्ट-ॲल्युमिनियमवाल्या एनसीएला ७२० ते ७६०. निव्वळ लिथियम निकेल ऑक्साइडला ६५० ते ७००, आणि तिथे २० अंशांची चूकही दिसून येते. हे आकडे सुरुवात करण्यापुरते आहेत. प्रिकर्सरच्या गोळ्याचा आकार आणि सच्छिद्रता बदलली की १०-२० अंश इकडेतिकडे होतात.

लिथियमचा स्रोतही यातूनच ठरतो. लिथियम कार्बोनेट वितळते ७२० अंशांच्या थोडे वर. ९०० ला भाजायच्या १११ ला ते चालते, स्वस्तही पडते. ८११ मध्ये ते वितळून कामाला लागेपर्यंत आपण भाजण्याच्या शेवटच्या तापमानाला पोचलेलो असतो, म्हणून तिथे हायड्रॉक्साइड. पण हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि स्वतःच कार्बोनेट होते. उघड्या पिशवीत पडून राहिलेले हायड्रॉक्साइड वापरले, किंवा साध्या हवेच्या प्रवाहात भाजले, तर मागच्या दाराने कार्बोनेट आत येते. ७८० ला ते पूर्ण फुटत नाही, पृष्ठभागावर बसून राहते. जेली होण्यामागे तेही एक कारण आहे.

उलट टोकाचे उदाहरणही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ऑक्सफर्डमध्ये गुडइनफ आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवलेला, १९९१ मध्ये सोनीच्या बॅटरीतून बाजारात आलेला लिथियम कोबाल्ट ऑक्साइड हा उच्च तापमानाला बनवलेला, नीट थर लागलेला पदार्थ. तोच ४०० अंशांना बनवला तर घटक तेच, प्रमाण तेच, पण रचना स्पिनेलसारखी, म्हणजे नीट थर न लागलेली घनाकार, होते. एक्सआरडीत १०८ आणि ११० (हे स्फटिकातल्या प्रतलांचे क्रमांक) ही शिखरे वेगळी न दिसता एकच शिखर दिसते, आणि तो बॅटरीत वाईट चालतो. तापमान कमी पडले तरी थर लागत नाहीत, जास्त झाले तरी विस्कटतात. फरक इतकाच की कोबाल्टच्या बाबतीत या दोन चुकांमध्ये शेकडो अंशांची मोकळी जागा आहे. निकेल वाढेल तशी ती आक्रसत जाते.

आता दुरुस्ती. आधी वजन. प्रिकर्सर १२० अंशांना रात्रभर वाळवा आणि त्यातले धातूचे प्रमाण आयसीपी (धातूंचे प्रमाण मोजणारे उपकरण) किंवा टायट्रेशनने काढा. सैद्धांतिक आकडा ६३.२ टक्के येतो. ओला किंवा अर्धवट ऑक्सिडाइझ झालेला माल यापेक्षा वेगळा निघतो. ही चाचणी टाळून मोल-प्रमाण दुसऱ्या दशांशापर्यंत लिहिण्यात अर्थ नाही. लिथियमचे प्रमाण १.०५ वरून १.०२ वर आणा. १११ ला ९५० वर लिथियम उडते म्हणून ३ ते ५ टक्के जास्त घालायची पद्धत आहे. ती ८११ ला जशीच्या तशी लावली की जादा लिथियम उडत नाही, पृष्ठभागावर साचते. १०० ग्रॅम प्रिकर्सरला १.०२ प्रमाणात लिथियम हायड्रॉक्साइड २६.४५ ग्रॅम लागते. शुद्ध मोनोहायड्रेट असेल तर ते ४६.३ ग्रॅम होते. पाकिटावर हायड्रॉक्साइडचे प्रमाण ५६.५ टक्के लिहिले असेल तर ४६.८ ग्रॅम घ्या. मोनोहायड्रेटचे खडे आधी दळून बारीक चाळणीतून काढा आणि दोन्ही पावडरी कोरड्या मिसळा. मिश्रणात पांढरे ठिपके दिसेनासे होईपर्यंत थांबू नका, पण बॉल मिलमध्ये इतके कुटूही नका की प्रिकर्सरचे गोळे फुटतील.

भट्टी बदला. ॲल्युमिना ट्यूबची भट्टी असेल तर ती. क्वार्ट्झची ट्यूब शक्यतो नको; लिथियमची वाफ सिलिकाला खाते, काच पांढुरकी होऊन तडकते. मफलच वापरायची असेल तर आत गॅसची नळी सोडा आणि बाहेर जायला दुसरे तोंड ठेवा. १०० ग्रॅमसाठी मिनिटाला १ लिटर ऑक्सिजन पुरेसा आहे. हिशेबाने मालाला फक्त साडेसहा लिटर लागतात. उरलेला प्रवाह वाफ आणि कार्बन डायऑक्साइड ढकलून बाहेर काढण्यासाठी असतो. बाहेरच्या तोंडाला पाण्याची बाटली लावून बुडबुडे बघता येतात, पण प्रवाह थांबला की पाणी उलटे ओढले जाणार नाही अशी मधे रिकामी बाटली ठेवा. ऑक्सिजनच्या जोडण्यांना तेल-ग्रीस लावू नका. मास्कही विसरू नका: लिथियम हायड्रॉक्साइडची धूळ श्वासनलिका जाळते आणि निकेलच्या संयुगांची धूळ श्वासातून जाणे कर्करोगकारक मानले जाते.

मूस रुंद आणि उथळ घ्या, पावडरचा थर दीड-दोन सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. थर दाबू नका. चमच्याच्या दांड्याने त्यात चर पाडा, म्हणजे वायू आत शिरायला वाट मिळते. कारखान्यात रोलर भट्टीतल्या सॅगरमध्येही (भाजायच्या सिरॅमिक भांड्यांतही) माल भरल्यावर अशाच चौकडीच्या रेघा ओढतात, त्या शोभेसाठी नसतात. झाकण घालण्याचा मोह टाळा. झाकणाने लिथियम थोडे वाचते, पण ८११ ला त्याची गरज नाही, आणि ऑक्सिजन मात्र अडतो.

तापमानाचा क्रम: मिनिटाला २ ते ३ अंशांनी ४८० पर्यंत, तिथे ५ तास. मग मिनिटाला २ अंशांनी ७६० पर्यंत, तिथे १२ तास. मग मिनिटाला १ ते २ अंशांनी ३०० पर्यंत उतरवा आणि तिथवर ऑक्सिजन चालू ठेवा. त्यानंतर भट्टी बंद करून १०० च्या खाली आल्यावर माल काढा आणि लगेच कोरड्या बंद डब्यात टाका.

उतरण्याच्या वेगाकडे लोक दुर्लक्ष करतात. वरच्या तापमानाला थोडा ऑक्सिजन सुटलेला असतोच. सावकाश थंड करताना, विशेषतः ७५० ते ५५० च्या पट्ट्यात, तो परत घेतला जातो आणि पृष्ठभागाजवळचा निकेल पुन्हा +३ होतो. गरम मूस बाहेर काढून ठेवली तर ती तूट जशीच्या तशी गोठते. भट्टी थंड होताना ऑक्सिजनची टाकी बंद करून पैसे वाचवणे हा त्याच चुकीचा दुसरा प्रकार.

भट्टीच्या पाटीवरचे ७६० हे मालातले ७६० असेलच असे नाही. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तारांची जोडी, भिंतीजवळ असतो, माल मधे. २०-३० अंशांचा फरक नेहमीचा आहे, आणि ८११ च्या खिडकीपुढे तो मोठा आहे. दुसरा थर्मोकपल मुशीशेजारी ठेवून एकदा पूर्ण क्रम नोंदवा. सॅगरच्या भट्टीत तारा नेणे शक्य नसेल तर सिरॅमिकच्या मोजणीच्या कड्या मिळतात; भाजल्यावर त्या किती आकसल्या यावरून मालाने प्रत्यक्षात किती उष्णता घेतली ते कळते. दोन भट्ट्यांवरचे आकडे एकमेकांशी ताडण्याआधी हे करून घ्यावे, नाहीतर वाद निष्फळ होतो.

आता निदान. ही एक चाचणी तुमच्या जुन्या मालावरही करता येईल, थर हलवलेला नसेल तर: मुशीतल्या थराचा वरचा ५ मिलिमीटरचा भाग वेगळा काढा, तळाचा वेगळा. दोन्हींची एक्सआरडी आणि उरलेले लिथियम मोजा. वर चांगला आणि खाली वाईट असेल तर दोष वायूचा किंवा लिथियम खाली ओघळण्याचा. वर-खाली सारखाच वाईट असेल तर तापमान किंवा लिथियमचे प्रमाण तपासा. ज्या प्रयोगशाळा सगळी पावडर खलात एकत्र करून मगच नमुना काढतात त्यांना हा फरक कधीच दिसत नाही.

एक्सआरडीत तांब्याच्या नळीवर १८.७ अंशांजवळचे ००३ आणि ४४.४ जवळचे १०४ या दोन शिखरांच्या उंचीचे गुणोत्तर सगळेच बघतात. १.२ च्या वर असेल तर बरे मानतात. मात्र या एका आकड्यावर फार भार टाकू नये. पावडर होल्डरमध्ये दाबून भरली आणि कण एकाच दिशेने आडवे झाले तर ००३ उगाच उंच दिसते, आणि मोठे कण असलेल्या मालात हे हमखास होते. ६४-६५ अंशांजवळची १०८ आणि ११० ही जोडी स्पष्ट वेगळी दिसते का ते बघा, आणि शक्य असेल तर रीटफेल्ड पद्धतीने (पूर्ण आलेखाला गणिताने रचना जुळवून) लिथियमच्या थरातला निकेल किती टक्के आहे ते काढा. चांगल्या ८११ मध्ये तो २-३ टक्क्यांच्या आत असतो. ५ च्या वर गेला की क्षमतेत दिसतोच. २१.३ आणि ३०.६ अंशांजवळ छोटी शिखरे दिसली तर ते लिथियम कार्बोनेट. मात्र एखाद्या टक्क्याइतके कार्बोनेट एक्सआरडीत लपून जाते, म्हणून 'परके शिखर नाही' एवढ्यावर निश्चिंत होऊ नये.

तीन दोष एकमेकांसारखे दिसतात, ते वेगळे कसे ओळखायचे? कमी भाजलेल्या मालात शिखरे पसरट असतात, सूक्ष्मदर्शकात गोळ्यातले प्राथमिक कण १०० नॅनोमीटरच्या आसपास राहतात आणि उरलेले लिथियम भरपूर असते. ऑक्सिजन कमी पडलेल्या मालातही लिथियम भरपूर उरते, पण शिखरे टोकदार आणि कण नीट वाढलेले असतात, गुणोत्तर मात्र पडलेले असते. तुमच्या वर्णनात हेच चित्र दिसते. जास्त भाजलेला माल मुशीत वडीसारखा घट्ट बसतो, प्राथमिक कण एक मायक्रॉनच्या पुढे जातात, गोळे एकमेकांना चिकटतात. सावकाश डिस्चार्ज केला तर क्षमता थोडी बरी दिसते, वेगाने केला की कोसळते.

स्लरीची जेली का होते तेही बघू. पृष्ठभागावर उरलेले लिथियम हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट अल्कधर्मी असते. बाइंडर, म्हणजे पावडर धरून ठेवणारा चिकटपदार्थ, म्हणून वापरलेल्या पीव्हीडीएफ या फ्लोरिनयुक्त पॉलिमरच्या साखळीतून ते हायड्रोजन आणि फ्लोरिन ओढून काढते, साखळीत दुहेरी बंध तयार होतात आणि साखळ्या एकमेकींत गुंततात. थोडे पाणी असेल तर हे झपाट्याने होते. म्हणून स्लरीतले एनएमपी हे द्रावक कोरडे हवे, खोलीही कोरडी हवी. पण मुळाशी जाऊन लिथियमच कमी करणे चांगले. मोजायची पद्धत सोपी आहे: ५ ग्रॅम पावडर १०० मिलिलिटर उकळून थंड केलेल्या शुद्ध पाण्यात नेमकी ५ मिनिटे ढवळा, गाळा आणि ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेट करा. पीएच ८.३ च्या आसपास पहिला टप्पा येतो, ४.५ च्या आसपास दुसरा. दोन टप्प्यांमधल्या आम्लावरून कार्बोनेट मिळते; पहिल्या टप्प्यापर्यंतच्या आम्लातून तेवढेच वजा केले की हायड्रॉक्साइड. ढवळण्याची वेळ दर वेळी तीच ठेवा, कारण पाणी पृष्ठभागाबरोबर जाळीतलेही लिथियम ओढते आणि १५ मिनिटे ढवळले तर आकडा फुगतो. न धुतलेल्या ८११ मध्ये दोन्ही मिळून अर्धा ते एक टक्का असेल तर भट्टीचे काम ठीक झाले असे समजा.

त्याहून कमी हवे असेल तर धुणे आणि दुसऱ्यांदा तापवणे. कारखान्यात उच्च निकेलसाठी हे नेहमीचे आहे, पण हे काम हलक्या हाताने करायचे. पावडरीच्या वजनाएवढेच थंड पाणी, ५ ते १० मिनिटे, ताबडतोब गाळणे, मग निर्वातात वाळवणे. रेंगाळलात तर पृष्ठभागातले लिथियम जाऊन त्याच्या जागी पाण्यातला हायड्रोजन बसतो. तो थर नुसता वाळवून नंतर २०० च्या वर तापवला की ऑक्सिजन सोडून मिठासारख्या रचनेचा होतो आणि सेलचा रोध वाढवतो. म्हणून धुतल्यावर पृष्ठभागाला काहीतरी आवरण देऊन तापवतात. बोरिक आम्ल पावडरीच्या वजनाच्या अर्धा टक्क्यापर्यंत कोरडे मिसळून ३०० अंशांच्या आसपास ऑक्सिजनमध्ये ५-६ तास तापवले तर उरलेल्या लिथियमशी मिळून पातळ काचेसारखा थर बनतो. ॲल्युमिनाचे आवरण असेल तर ५०० च्या आसपास. त्यापेक्षा बरेच वर गेलात तर ॲल्युमिनियम आत जाळीत शिरते. ते वाईट नाही, पण मग ते आवरण उरत नाही, डोपिंग होते, आणि आपण काय केले याची नोंद तरी बरोबर असावी.

कण वाढू न देता तापमान थोडे जास्त घ्यायचे असेल तर भाजण्याआधीच मिश्रणात अल्प टंगस्टन किंवा झिर्कोनियमचा ऑक्साइड घालतात. टंगस्टन बहुतेक करून कणांच्या सीमांवर लिथियमशी मिळून बसते आणि सीमा पुढे सरकू देत नाही. मात्र आधी साधा माल बरा बनवून घ्या. डोपिंगने बिघडलेली भाजण झाकली जात नाही.

ज्यांना एकस्फटिकी माल हवा आहे, म्हणजे गोळ्यांऐवजी दोन-चार मायक्रॉनचे सुटे स्फटिक, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे मुद्दाम ५० ते १०० अंश जास्त आणि लिथियमही जास्त घेतात, कारण वितळलेल्या लिथियममध्ये स्फटिक चांगले वाढतात. ८११ ला ८५० हा आकडा तुम्ही कुठे वाचला असेल तर तो बहुधा तिथला. पण तो ऑक्सिजनमधला असतो, आणि त्यानंतर माल जेट मिलमध्ये सुटा करून, गरज पडल्यास थोडे लिथियम घालून, ७५० च्या आसपास ऑक्सिजनमध्ये पुन्हा तापवतात. वरच्या तापमानाला विस्कटलेले थर आणि दळताना जखमी झालेला पृष्ठभाग या दुसऱ्या फेरीत सावरतात. ती फेरी गाळून फक्त पहिली उचलली की गोळ्यांचेही गुण गेले आणि एकस्फटिकाचेही मिळाले नाहीत.

मुशीबद्दल थोडे. नवी कोरी ॲल्युमिनाची मूस पहिल्या एक-दोन फेऱ्यांत लिथियम पिते आणि तिच्या आतल्या पृष्ठभागावर लिथियम ॲल्युमिनेट तयार होते. ५० ग्रॅमच्या मालात हे जाणवत नाही, दोन ग्रॅमच्या नमुन्यात प्रमाण हलवते. म्हणून नव्या मुशीत पहिली फेरी टाकाऊ मालाची करा. मुलाइट-कॉर्डिराइटच्या सॅगरना लिथियम कालांतराने पोखरते, आतून पापुद्रे सुटतात आणि मालात सिलिका-ॲल्युमिनाचे खडे येतात. पापुद्रा दिसला की सॅगर बाद. दोन ग्रॅमवर ठरवलेले प्रमाण आणि वेळ १०० ग्रॅमला जशीच्या तशी लागू पडत नाही, उलटही नाही: लहान नमुन्यात लिथियम जास्त उडते पण ऑक्सिजन भरपूर मिळतो, मोठ्यात बरोबर उलटे.

भाजण्याच्या उष्णतेची आणि चार्ज झालेल्या सेलमधल्या उष्णतेची गल्लत होते, म्हणून एवढे सांगतो. ताजी ८११ पावडर ऑक्सिजनमध्ये ७६० अंश सोसते. तीच ४.३ व्होल्टपर्यंत चार्ज करून लिथियम काढून घेतल्यावर, इलेक्ट्रोलाइटबरोबर, २३० अंशांच्या आसपासच फुटून ऑक्सिजन सोडते; १११ हेच ३०० च्या थोडे वर करते. थर रिकामे झाले की उरलेला निकेल +४ अवस्थेत अस्वस्थ असतो आणि ऑक्सिजन सोडून स्पिनेल, मग मिठासारख्या रचनेकडे घसरतो. भट्टीत निकेल अदलाबदल कमी ठेवल्याने क्षमता वाढते, पण ही मूळ घसरण भट्टीत थांबवता येत नाही.

राहिला तुमचा आधीच बनलेला माल. तो फेकू नका. एक नमुना घेऊन त्यात नवे लिथियम न घालता, मिनिटाला ३ अंशांनी ७४० पर्यंत, ऑक्सिजनच्या प्रवाहात, पातळ थरात ६ तास पुन्हा भाजा आणि वर सांगितल्याप्रमाणे सावकाश उतरवा. आधी उरलेले लिथियम त्याला आता आत घेता येईल. गुणोत्तर सुधारले आणि उरलेले लिथियम घटले तर रोग ऑक्सिजनचाच होता याचा पुरावा हातात येईल. नव्या मालासाठी ०.१ सी दराने (म्हणजे सुमारे दहा तासांत पूर्ण डिस्चार्ज), ३.० ते ४.३ व्होल्टच्या दरम्यान, ग्रॅममागे १९५ ते २०५ मिलिअँपिअर-तासांची अपेक्षा ठेवायला हरकत नाही. पुन्हा भाजलेला माल त्या आकड्याच्या थोडा खाली राहील, कारण वर-खाली झालेली लिथियमची विभागणी घन अवस्थेत पूर्ण भरून निघत नाही. भाजण्याआधी तो खलात नीट एकत्र करून घेतलात तर तोही फरक बराच कमी होईल. आर्गॉन किंवा नायट्रोजनमध्ये मात्र चुकूनही तापवू नका. आणि इलेक्ट्रोडवरून खरवडलेली पावडर यात मिसळणार असाल तर तिच्यातला कार्बन आणि बाइंडर आधी ५०० ते ५५० ला हवेत वेगळा जाळून घ्या. कार्बन तसाच राहिला तर जळताना तो जाळीतलाच ऑक्सिजन ओढतो. पीव्हीडीएफमधून हायड्रोजन फ्लोराइड निघते, ते धुराड्यात गेले पाहिजे, आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा तुकडा राहिला असेल तर ६६० ला वितळून सगळ्या मालात पसरतो.